विद्यावेतन संपल्यावर पुढे काय?

तरुणांना कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांत काम शिकवणाऱ्या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेची मुदत सहावरून अकरा महिने झाली, तरी प्रशिक्षणार्थींची कायम नोकरीची मागणी थांबलेली नाही. बारावीला ६, आयटीआय-पदविकेला ८ आणि पदवीला १० हजार रुपये महिना विद्यावेतन, हे आकडे आता घरोघरी पाठ आहेत. पदवीधराच्या दृष्टीने खरा प्रश्न बाराव्या महिन्याचा आहे. या अनुभवावर बाहेर कोणी त्याला जास्त पगार देईल का?

अशा प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये, हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांच्यामुळे कळलं. १९७८ साली त्यांनी अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षणार्थींच्या कमाईच्या नोंदी तपासल्या. प्रशिक्षणाला येण्याआधीच या लोकांची कमाई घसरलेली होती. काम सुटलं की माणूस शिकायला येतो. मग नंतर वाढलेल्या कमाईत शिकण्याचा वाटा किती आणि नुसतं सावरण्याचा किती? पदवीधरांच्या बाबतीत गफलत दुसऱ्या बाजूनेही होते. कंपन्या मुळातच हुशार मुलं निवडतात. ती प्रशिक्षणाशिवायही पुढे गेली असती. म्हणून ‘आमच्या इतक्या मुलांना नोकरी लागली’ या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही. तितक्याच गुणांची, पण संधी न मिळालेली मुलं आज किती कमावतात, ते आधी सांगा.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये दुसरा धागा दिला. कुठेही चालणारं कौशल्य मालक स्वतःच्या खर्चाने शिकवत नाही. शिकणारा कमी पगार पत्करून त्याची किंमत मोजतो. हे मान्य केलं, तर दहा हजारांत राबणाऱ्या पदवीधराला बदल्यात असं कौशल्य मिळालंच पाहिजे. बी.कॉम. झालेली मुलगी जीएसटीचं विवरणपत्र भरायला, ताळेबंद जुळवायला शिकली, तर ते तिला नाशिकमध्येही उपयोगी पडेल आणि पुण्यातही. अकरा महिने आवक-जावक नोंदवही आणि झेरॉक्स यांतच गेले, तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्तातलं मनुष्यबळ. हा अन्याय आहे, आणि तो सरकारी कचेरीत होत असेल तर अधिकच.

प्रशिक्षणाने कमाई खरंच वाढली का, हे तपासणं अवघड नाही. अर्जदारांची यादी सरकारकडे आहे आणि संघटित क्षेत्रातल्या पगाराची नोंद भविष्यनिर्वाह निधीत होते. निवडलेल्या आणि राहून गेलेल्या अर्जदारांचे वर्षभरानंतरचे पगार, नावं वगळून, शेजारी-शेजारी मांडून जाहीर करावेत. पुढची मुदतवाढ त्यानंतरच ठरावी.