मूळ रूप कारखान्याचे की कारागिराचे?

जुन्या वस्तूंचे मूळ रूप जपले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मूळ रूप कशास म्हणावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंद करण्याची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षांची आहे. ही सोय स्वागतार्ह होय. मात्र सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिच्यातील अट शर्यतीच्या जुन्या मोटारसायकलींना दाराबाहेरच ठेवणारी आहे.

कारण शर्यतीच्या फटफटीचा इतिहास हा मुळी फेरफाराचाच इतिहास आहे. नॉर्टन कंपनीचे इंजिन बलवान होते. पण खडबडीत वळणांवर जुना सांगाडा त्याला पुरा पडेना. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस या स्वशिक्षित कारागिराने पोलादी नळ्या वाकवून व सांधून दुहेरी वेटोळ्याचा नवा सांगाडा उभा केला. १९५० साली आइल ऑफ मॅनच्या सीनियर शर्यतीत नॉर्टनने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. हॅरॉल्ड डॅनियल या स्वाराने त्या गाडीस पिसांच्या गादीची उपमा दिली, आणि 'फेदरबेड' हेच त्या सांगाड्याचे नाव झाले. पुढे हौशी कारागिरांनी त्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून 'ट्रायटन' घडविली. अशा गाडीचे मूळ रूप कोणत्या कारखान्याच्या कागदावर शोधावयाचे? शिवाय केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या यंत्राची रस्त्यावरील वाहन म्हणून कधी नोंदच झाली नसेल, तर ५० वर्षे मोजावयाची तरी कोठून?

नियमामागील सावधगिरी निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. नव्या नळ्यांवर जुना क्रमांक ठोकून बनावट वारसा विकता येतो; आणि कच्चा सांधा तुटला तर स्वाराचा जीव जातो. परंतु यावर उपाय तपासणीचा आहे, सरसकट नकाराचा नव्हे.

खानदेशास हा भेद नव्याने सांगण्याची गरज नसावी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुने दप्तर सांभाळले. जुन्या पोथीच्या समासात कोणी दुरुस्ती केली असेल, तर अभ्यासक ती खोडून टाकीत नाही; हात कोणाचा, काळ कोणता, हे तो नोंदवितो. हाताने सांधलेला सांगाडा हीदेखील एक समासातील दुरुस्तीच होय.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांस छेदतात. अशा हमरस्त्यांच्या कडेला वेल्डरच्या हातावर वाहतूक चालते. मात्र त्या हाताची लेखी नोंद क्वचितच होते. धुळे-जळगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सांधकाम शिकणाऱ्या मुलाने पूर्वी केलेल्या कामाचे मोजमाप, छायाचित्रे व धातूची माहिती टिपण्याची सवय लावून घेतली, तर दुरुस्तीचाही दस्तऐवज होईल. सरकारने नियमात एका पोटकलमाची भर घालावी: फेरफार जुना, तपासलेला व नोंदलेला असेल, तर तोही वारसाच मानावा. एरवी कारखान्याचा शिक्का तेवढा जपला जाईल, आणि ज्या हातांनी यंत्रास वेग दिला ते विस्मृतीत जातील.