लाहीच्या उडीला किती चित्रं लागतात?

नागपंचमी जवळ आली की सेलूतल्या घराघरांत ज्वारीच्या लाह्या फुटू लागतात. ज्वारी पाण्यात घालून, निथळून, फडक्यात बांधून ठेवायची. मग कढई चांगली तापली की मूठ-मूठ दाणे टाकून कापडाच्या बोळ्याने हलवायचे. तडतड सुरू होते, एखादी लाही उडून चुलीबाहेर पडते. ती नेमकी कशी उडते, हे डोळ्याला कळत नाही. दाणा होता, आता लाही आहे. मधलं काही दिसलंच नाही.

सेलूच्या शाळकरी पोरांनी विज्ञान प्रदर्शनात मांडावा असा प्रयोग मला इथे दिसतो. दरवर्षी तोच मातीचा ज्वालामुखी आणि तेच ठिबक सिंचनाचं मॉडेल पाहताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण घरातच असा प्रश्न उड्या मारत असतो. अडचण सांगितली जाते ती कॅमेऱ्याची. सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा हाय-स्पीड कॅमेरा परभणी जिल्ह्यातल्या शाळेने आणायचा कुठून? म्हणून या यंत्राची नीट ओळख करून घेऊ. कोणता कॅमेरा घ्यायचा हे त्यातून आपोआप समजेल.

आपल्याकडे कॅमेऱ्याने काळाशी खेळ केला तो दादासाहेब फाळक्यांनी, १९१२ साली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर ठेवलं, दिवसामागून दिवस त्याची चित्रं घेतली आणि ती सलग दाखवली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. हाय-स्पीड कॅमेरा याच्या बरोबर उलटं काम करतो: चित्रं भराभर घ्यायची आणि सावकाश दाखवायची. हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्याचा दांडा जोरात फिरवला की पडद्यावर सगळं संथ दिसायचं. तत्त्व आजही तेच आहे, फक्त दांड्याच्या जागी सेन्सर आला.

हा सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या बारीक चौकटींच्या ओळीच ओळी. प्रत्येक ओळ वाचायला वेळ लागतो, म्हणून वेग वाढवायचा तर ओळी कमी कराव्या लागतात. कॅसिओने २००८ मध्ये बाजारात आणलेला एक्झिलिम एफ-वन सेकंदाला ३०० चित्रं ५१२ बाय ३८४ च्या आकारात घ्यायचा. १२०० चित्रं हवी असतील तर आकार उरायचा ३३६ बाय ९६, म्हणजे नुसती पट्टी. तरीही जगभरच्या शिक्षकांनी कॅसिओचे हे कॅमेरे उचलून धरले, कारण तोवर असा वेग फक्त प्रयोगशाळांना परवडायचा. कॅसिओने २०१८ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांचा धंदाच बंद केला. आता ते मिळाले तर जुन्या बाजारात मिळतात, पण त्यांची बॅटरी आणि चार्जर मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. शाळेने त्या वाटेला जाऊ नये.

त्याच्या वरची पायरी म्हणजे क्रोनॉस. कॅनडातल्या डेव्हिड क्रोनस्टाइन या इंजिनिअरने हा कॅमेरा बनवला आणि २०१६ मध्ये लोकवर्गणीतून बाजारात आणला. १२८० बाय १०२४ च्या चित्रात सेकंदाला १०६९ चित्रं. तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर सेकंदाला १.४ अब्ज ठिपके होतात, म्हणून नाव क्रोनॉस १.४. त्याची खरी करामत स्मृतीत आहे. तो सतत चित्रं घेत राहतो आणि जुनी पुसत जातो. घटना घडून गेल्यावर बटण दाबलं तरी आधीचे काही क्षण हाती राहतात. कोणता दाणा कधी फुटेल हे ठाऊक नसताना ही सोय सोन्यासारखी आहे. पण बाजारात आला तेव्हाच त्याची किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास होती आणि वर आयातीचा खर्च. त्या पैशात शाळेची अख्खी प्रयोगशाळा सजते.

म्हणून खरेदीआधी गणित मांडावं. लाही २० सेंटीमीटर उंच उडते असं धरू. हवेचा अडसर बाजूला ठेवला तर तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर येतो, आणि वर जाऊन खाली यायला ०.४ सेकंद लागतात. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे अख्ख्या उडीची जेमतेम १२ चित्रं, आणि सुरुवातीला दोन चित्रांमध्ये लाही साडेसहा सेंटीमीटर पुढे गेलेली. २४० चित्रांच्या वेगाने तीच उडी ९६ चित्रांत पसरते आणि दोन चित्रांतलं अंतर एका सेंटीमीटरच्या आत येतं. मोजायला एवढं पुरेसं आहे. आणि २४० चा हा वेग २०१४ च्या आयफोन ६ मध्येही होता. आज तो कितीतरी मध्यम किमतीच्या फोनमध्ये मिळतो. वर्गातल्या कुणाच्या तरी दादाच्या किंवा मामाच्या खिशात तो कॅमेरा आहेच.

काही फोनवर सेकंदाला ९६० चित्रांचा आकडा दिसतो, तो पाहून मात्र हुरळून जाऊ नये. २०१८ च्या सॅमसंग एस-नाइनमध्ये तो वेग एका वेळी फक्त ०.२ सेकंद चालायचा. लाहीची अर्धी उडी होईपर्यंत संपला! शिवाय काही फोन मधली चित्रं प्रत्यक्ष घेतच नाहीत, आजूबाजूच्या चित्रांवरून अंदाजाने भरतात. ही लबाडी पकडायला एक गोटी पुरते. ती एक मीटर उंचीवरून सोडा. पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४० च्या वेगाने साधारण १०८ चित्रं मिळायला हवीत आणि प्रत्येक चित्रात गोटी थोडी तरी सरकलेली दिसायला हवी. ती जागेवर अडखळत असेल, दोन ठिकाणी पुसट दिसत असेल, तर तो फोन मोजमापाच्या कामाचा नाही.

कॅमेऱ्याहून जास्त डोकं प्रकाशाला लावावं लागतं. चित्रं आठपट झाली की प्रत्येक चित्राच्या वाट्याला आठव्या हिश्श्याइतकाच वेळ येतो. लाही पुसट दिसू नये म्हणून शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतकं उघडं ठेवलं तर तेवढ्या वेळात ती अर्धा मिलिमीटर सरकते, ते चालेल. पण स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली चित्र काळंकुट्ट येईल आणि लुकलुकेलही, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. उपाय अंगणात आहे. मराठवाड्याचं ऊन. दुपारी बाराला शेगडी अंगणात मांडा, मागे काळं कापड लावा, लाही उडते त्याच पातळीत पट्टी उभी करा. पट्टी पुढे-मागे झाली तर सगळी मापं चुकतात. फोन विटांवर घट्ट टेकवून कढईपासून हातभर लांब ठेवा आणि शेगडीजवळ मोठं माणूस असू द्या.

मग तो व्हिडिओ ‘ट्रॅकर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. तिथे हमखास एक चूक होते. फोन २४० ने टिपतो, पण फाइल बऱ्याचदा ३० ची म्हणून ठेवतो. खरा वेग सॉफ्टवेअरला सांगितला नाही तर काळ आठपट होतो आणि गुरुत्वाकर्षण चौसष्ट पटींनी कमी निघतं. गोटीचा व्हिडिओ इथे पुन्हा कामी येतो: ९.८ च्या आसपास आकडा आला की पुढे लाहीला हात घालावा.

लाहीचा आलेख गोटीसारखा येणार नाही, आणि इथेच खरी मजा आहे. ज्वारीच्या हजार दाण्यांचं वजन तीस-पस्तीस ग्रॅम. फुलल्यावर ती आणखी हलकी होते आणि आकाराने कितीतरी वाढते. लाही सेंटीमीटरभर रुंद धरून हिशेब केला तर सुरुवातीला हवेचा अडसर तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. पुस्तकात ‘हवेचा रोध नगण्य मानू’ असं लिहिलेलं असतं, ते वाक्य इथे लागू पडत नाही हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

या फोनला जमणार नाही असंही पुष्कळ आहे. घरमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारते. २४० चित्रांत प्रत्येक फडफडीचं एखादंच चित्र येतं आणि पंख भलतेच संथ हलल्याचा भास होतो. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात संजय साने आणि त्यांचे सहकारी कीटकांच्या उडण्याचा अभ्यास करतात, तिथे सेकंदाला हजारो चित्रांचे कॅमेरे लागतातच. पण फडफड नुसती मोजायची असेल तर त्याच फोनचा माइक वापरा. तो आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो; गुणगुण टिपली की पंखांची वारंवारिता निघते. उलट सेलू स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा वेग काढायला हाय-स्पीड काहीच नको. साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा ताशी ९० किलोमीटरने जाताना खांबासमोरून सरकायला जवळपास एक सेकंद घेतो, साधा व्हिडिओ पुरतो.

लाही उमलण्याची नेमकी घडीही २४० च्या हाती पूर्ण लागत नाही. फ्रान्समधल्या विरो आणि पोनोमारेन्को या दोघांनी २०१५ मध्ये मक्याच्या लाहीवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांचा कॅमेरा सेकंदाला २९०० चित्रांचा होता. दाणा साधारण १८० अंशांना फुटतो आणि बाहेर पडणारा पिठूळ भाग पायासारखा कढईला रेटा देतो, त्यातून लाही उडते, असं त्यांना दिसलं. मका झाला. आपल्या ज्वारीचं काय? परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे वाण दिले, घरोघरी वेगवेगळी ज्वारी आहे, आणि भिजवताना पाणी किती, फडक्यात किती वेळ, हे प्रत्येक आजीचं ठरलेलं आहे. पाणी कमी-जास्त केलं तर उडी किती बदलते?

सुरुवात अशी करता येईल: एकाच पोत्यातली ज्वारी, शंभर-शंभर ग्रॅमचे चार वाटे, एक कोरडा आणि तीन कमी-जास्त भिजवलेले. आजीने बांधलेलं फडकं सोडल्यावर प्रत्येक वाटा पुन्हा वजन करायचा, म्हणजे आत किती पाणी गेलं ते कळेल. प्रत्येक वाट्याच्या वीस उड्या मोजायच्या, आणि कढईत न फुटता उरलेले दाणे टाकून न देता तेही मोजायचे.