जिंकून आणलेली माहेरवाशीण

भाद्रपद शुद्ध पक्षात आपल्याकडे घरोघरी गौरींच्या आवाहनाची धांदल चाललेली असते, त्याच सुमारास कुमाऊँच्या डोंगररांगेवर वसलेल्या अल्मोडा नगरीत नंदा आणि सुनंदा या दोन भगिनींच्या स्वागताची सिद्धता होत असते. देवीला लेकीच्या नात्याने घरी आणावे, तिचे कोडकौतुक पुरवावे आणि मुदत भरताच जड अंतःकरणाने तिची पाठवणी करावी, हा भाव दोन्हीकडे सारखाच आहे. परंतु अल्मोड्याची ही माहेरवाशीण प्रथम नगरात आली ती मुराळ्याच्या सोबतीने नव्हे, तर विजयी सैन्याबरोबर. या विसंगतीचा उलगडा झाल्यावाचून तेथील उत्सवाचे मर्म हाती लागत नाही.

कुमाऊँचे चंद आणि शेजारच्या गढवालचे पंवार ही दोन्ही राजघराणी नंदेला आपली मानीत आणि परस्परांशी पिढ्यान्‌पिढ्या लढत. ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर ही तिची निवासभूमी. इ. स. १६७०च्या सुमारास चंद राजा बाजबहादूर याने गढवालवर स्वारी केली, जुनियागढचा किल्ला घेतला आणि तेथील नंदेची मूर्ती आणून अल्मोड्याच्या मल्ला महालात स्थापिली. शत्रूची दैवी सत्ता आपल्या वाड्यात आणून बसविण्याचा हा उघड राजकीय व्यवहार होता. पुढे १७९० साली चंदांचे राज्य गोरख्यांनी बुडविले आणि १८१५ साली गोरख्यांची जागा इंग्रजांनी घेतली. महालात सरकारी कचेरी भरू लागली आणि देवीचे ठाणे उद्योत चंदेश्वर मंदिराच्या आवारात हलले. ट्रेल नावाच्या कमिशनरची दृष्टी हिमप्रदेशात गेली असता देवीची यथोचित स्थापना करताच ती परत आली, अशी कथा लोक आजही सांगतात. नव्या अंमलदारानेही जुन्या देवतेपुढे मान तुकवावी, ही प्रजेची इच्छा त्या कथेत स्पष्ट दिसते.

मात्र भाद्रपदात ज्या मूर्तींचा उत्सव होतो, त्या दरवर्षी नव्याने केळीच्या खांबांतून घडविल्या जातात. षष्ठीच्या सायंकाळी पुजारी व नगरजन निवडलेल्या केळीच्या बेटाकडे जातात. गंध, फुले, तांबडे-पांढरे वस्त्र असे उपचार अर्पण करून त्या झाडांना रीतसर आमंत्रण दिले जाते. त्यानंतर पुजारी मुठीतल्या अक्षता खांबांच्या दिशेने फेकतो. जो खांब प्रथम हलेल तो नंदेचा, त्यानंतरचा सुनंदेचा, आणि पुढच्यांतून हातपाय व्हावयाचे, असा दंडक आहे. सप्तमीला ते खांब तोडून वाजतगाजत मंदिरात आणतात. बांबू व कापड यांच्या साह्याने त्यांना आकार दिला जातो आणि त्यावर रंगांनी मुखे रेखाटली जातात. मूर्तीची एकंदर घडण नंदादेवी शिखरासारखी असावी, असा संकेत आहे. कोकणात तेरड्याची रोपे आणून त्यांनाच गौर मानणाऱ्या वाचकास, अरण्यातली वनस्पती आणावी आणि तिच्यातच देवी पाहावी, ही रीत परकी वाटू नये.

केळच का, याला लोककथेचे उत्तर आहे. रेडा मागे लागला म्हणून दोघी बहिणी केळीच्या आड दडल्या, परंतु बकऱ्याने ती पाने खाऊन टाकली आणि त्या उघड्या पडल्या, असे सांगतात. पूर्वी या उत्सवात रेड्याचा व बकऱ्याचा बळी का दिला जाई, याचीही संगती ही कथा लावून देते.

अष्टमीस, म्हणजे नंदाष्टमीस, मुख्य पूजा होते. राज्य जाऊन दोन शतके लोटली, तरी पूजेचा मान चंदांच्या वंशजांकडे वहिवाटीने चालत आला आहे. बाहेर मात्र सारा कारभार लोकांचा असतो. हुडक्याच्या ठेक्यावर स्त्री-पुरुष हातात हात गुंफून गोल धरतात आणि झोडा व चांचरी गातात, छोलिया नर्तक ढाल-तलवारीचे हात करून दाखवितात, आणि बाजारात खव्याच्या तपकिरी वड्यांवर साखरेचे पांढरे दाणे चिकटविलेल्या बालमिठाईचे ढीग लागतात. शेवटी डोला निघतो. बाजारपेठेतून जाणाऱ्या त्या मिरवणुकीवर वरच्या सज्जांतून स्त्रिया अक्षता व फुले टाकतात, आणि सासरी निघालेल्या लेकीला द्यावा तसा निरोप देवीला देतात.

किल्ल्यातून उचलून आणलेली मूर्ती ही राजाची मिळकत होती. ती दाखवून त्याने आपला पराक्रम मिरविला. केळीची मूर्ती मात्र कोणाच्याही खजिन्यात ठेवता येत नाही, कारण चार दिवसांत ती विसर्जित व्हावयाचीच असते. प्रजेने विजयचिन्हाशी वाद घातला नाही. वर्षानुवर्षे आपल्या हातांनी दुसरी मूर्ती घडवून तिला लेक केले, एवढेच. म्हणूनच चंद, गोरखे, इंग्रज अशा तीन राजवटी येऊन गेल्या तरी उत्सव खंडला नाही.

जाऊ इच्छिणाऱ्याने काठगोदामपर्यंत रेल्वेने व पुढे मोटारीने घाट चढून जावे. पावसाळा सरलेला नसल्यामुळे शिखराचे दर्शन होईलच, असा भरवसा बाळगू नये. बहुतेक पाहुणे अष्टमीची गर्दी गाठतात. सवड असल्यास दोन दिवस आधी, षष्ठीलाच पोहोचावे, कारण राजाच्या देवीचे लोकांच्या देवीत रूपांतर होते ते मंदिराच्या गाभाऱ्यात नव्हे, त्या केळीच्या बेटापाशी.