गाण्याकडून बोलण्याकडे: जेलो बियाफ्रा आणि दोन खटले

आजच्या व्याख्यानात आपण एका पंक रॉक गायकाबद्दल बोलणार आहोत. त्याने पुढे हातात माइक तोच ठेवला, पण मागचा बँड गेला आणि गाण्याच्या जागी बोलणं आलं. त्याचं नाव जेलो बियाफ्रा. अशा कलावंतांबद्दल नेहमी म्हटलं जातं की गाणं आटलं म्हणून ते बोलायला लागले. बियाफ्राच्या बाबतीत हे उत्तर अपुरं आहे, असं आम्हाला वाटतं. त्याच्या या वळणावर एक खटला उभा आहे आणि पुढे थोड्या अंतरावर दुसराही आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आधी 'स्पोकन वर्ड' म्हणजे काय ते पाहू. मराठीत याला नेमका शब्द नाही. एकपात्री म्हणावं तर त्यात ठरलेलं पात्र नसतं, व्याख्यान म्हणावं तर तेवढी शिस्त नसते. किस्से, नकला, बातम्यांची चिरफाड, थोडी कविता आणि बरंचसं राजकारण, असं सगळं एक माणूस मंचावर उभं राहून सांगतो. संगीताची साथ नसते.

बियाफ्राचं मूळ नाव एरिक बाउचर. जन्म १९५८ चा, कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावचा. मंचावरचं नाव त्याने दोन शब्द जोडून केलं. जेल-ओ हा अमेरिकेत घरोघरी खाल्ला जाणारा गोड पदार्थ. बियाफ्रा हा नायजेरियातून फुटून निघालेला प्रदेश, जिथे १९६७ ते १९७० च्या युद्धात उपासमारीने असंख्य माणसं मेली. सुबत्ता आणि भूक एकाच नावात. त्याच्या विनोदाची जात इथेच कळते.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'डेड केनेडीज' हा बँड उभा राहिला. गिटारवर ईस्ट बे रे, बासवर क्लाउस फ्लुराइड आणि गायक बियाफ्रा. या गायकाला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. त्याच्याकडे होता तो थरथरता आवाज आणि शब्द. त्याच्या बऱ्याच गाण्यांत तो स्वतःचं मत थेट सांगत नाही, तर ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच तोंडून बोलतो. पहिल्याच सिंगलमध्ये, १९७९ च्या 'कॅलिफोर्निया ऊबर आलेस'मध्ये, बोलणारा माणूस आहे गव्हर्नर जेरी ब्राउन. रेगन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बँडने तेच गाणं बदलून रेगनवर बेतलं. ब्राउन डेमोक्रॅट, रेगन रिपब्लिकन. चिमटा दोघांनाही बसला.

त्याच १९७९ मध्ये हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरपदासाठी उभा राहिला! व्यापाऱ्यांनी शहराच्या हद्दीत विदूषकाचे कपडे घालावेत, ही त्याच्या जाहीरनाम्यातली मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्याच कागदावर आणखी एक मागणी होती: पोलिसांना ज्या वस्तीत गस्त घालायची, त्या वस्तीने त्यांना मतदानाने निवडावं. म्हणजे हसवता हसवता मुद्दा पुढे सरकवायचा. त्याला साडेसहा हजारांहून जास्त मतं पडली. निवडणूक डायॅन फाइनस्टाइन जिंकल्या. पण गाण्याशिवायही लोक आपलं ऐकतात, हे बियाफ्राला तेव्हाच दिसलं असणार.

आता पहिला खटला. १९८५ मध्ये बँडचा 'फ्रँकेनक्राइस्ट' हा अल्बम आला. पाकिटात स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांच्या एका चित्राचं पोस्टर घातलेलं होतं. हे तेच गीगर, ज्यांना 'एलियन' चित्रपटाच्या कामासाठी ऑस्कर मिळालं होतं. चित्रात लैंगिक अवयवांच्या रांगा होत्या. हे चित्र काहींना धक्कादायक वाटेल, अशी सूचना पाकिटावर होती. एका अल्पवयीन मुलीने ती रेकॉर्ड विकत घेतली, तिच्या आईने तक्रार केली, आणि एप्रिल १९८६ मध्ये बियाफ्राच्या घरावर पोलिसांचा छापा पडला.

काळ कसा होता तेही पाहू. १९८५ मध्येच टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर महिलांनी 'पीएमआरसी' ही संस्था काढली होती. गाण्यांमधल्या मजकुराबद्दल पालकांना इशारा मिळावा ही त्यांची मागणी, आणि तिच्यावर अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणीही झाली होती. रेकॉर्डवरचा इशाऱ्याचा शिक्का आला तो यातूनच.

बियाफ्रावर आरोप होता अल्पवयीनांना हानिकारक मजकूर पुरवल्याचा. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कैद आणि दोन हजार डॉलर दंड. नीट बघा, आरोपी कोण कोण होते: गायकाबरोबर त्याच्या 'अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स' या छोट्या कंपनीत काम केलेला एक जण, वितरक, आणि रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याचा मालकसुद्धा. म्हणजे रेकॉर्ड तयार होऊन दुकानात पोचेपर्यंतची सगळी साखळीच धरली. अशा वेळी कारखानदार आणि दुकानदार साहजिकच म्हणतो, नको ती कटकट. निकाल काही लागो, छोट्या कंपनीची वाट तिथेच अडते.

आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. रेकॉर्ड दुकानातून काढून टाकता येते. बोलणाऱ्या माणसाला ना कारखाना लागतो, ना वितरक. एक सभागृह आणि एक माइक पुरतो. १९८६ संपता संपता बँड मोडला, त्याला इतरही कारणं होती. पण बियाफ्रा कॉलेजा-कॉलेजांतून बोलत फिरू लागला, १९८७ मध्ये 'नो मोअर ककून्स' हा त्याचा पहिला बोलका अल्बम आला, आणि खटला हाच त्याचा विषय झाला. ऑगस्ट १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात ज्युरीत एकमत झालं नाही. सात जण निर्दोष म्हणणारे, पाच विरुद्ध. न्यायाधीशांनी पुन्हा खटला चालवू दिला नाही. सरकारी वकील मायकेल ग्वारिनो यांनीही पुढे ही कारवाई चुकीची होती असं मान्य केलं. बियाफ्राने १९८९ च्या अल्बमच्या नावात आरोपपत्रातले शब्दच उचलले: 'हाय प्रीस्ट ऑफ हार्मफुल मॅटर', म्हणजे हानिकारक मजकुराचा महापुरोहित. १९९० मध्ये तो ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात टिपर गोर यांच्यासमोर बसून वाद घालत होता.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. १९९४ मध्ये बर्कलीतल्या '९२४ गिलमन' या पंक क्लबमध्ये त्याला मारहाण झाली, पायाला गंभीर दुखापत झाली. मारणारे पंकच होते, आणि त्यांच्या लेखी तो विकला गेलेला श्रीमंत स्टार होता. मग दुसरा खटला. जुन्या सोबत्यांनी त्याला रॉयल्टीसाठी कोर्टात खेचलं. लिव्हाइसच्या जाहिरातीला आपण गाणं देऊ दिलं नाही, त्याचा हा सूड आहे, असं बियाफ्राचं म्हणणं. सोबती म्हणाले, जाहिरातीचा संबंध नाही, आमचे पैसे थकलेत. २००० मध्ये ज्युरीने सोबत्यांचं म्हणणं मान्य केलं आणि दोन लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. २००३ मध्ये अपिलातही तो हरला. कंपन्यांच्या लोभावर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाच्याच कंपनीने आपल्या लोकांचे पैसे कमी दिले, असं कोर्टाने म्हटलं.

तर यातून घ्यायचं काय? त्याचं बोलणं खोटं होतं, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. पहिल्या खटल्यात जे पणाला लागलं होतं ते आजही तितकंच मोलाचं आहे. पण बँडमध्ये चार माणसं असतात आणि 'हे नको' म्हणणारा कुणीतरी असतो. स्पोकन वर्डच्या मंचावर असा सोबती नसतो. या प्रकाराची ताकद त्यात आहे, आणि धोकाही. पुढच्या वेळी असा एखादा कार्यक्रम ऐकाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा, पण बोलणाऱ्याला कोण अडवू शकतं, हेही मनात विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊया.