नसलेल्या कणाचा उंचवटा

एप्रिल २०११मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅब प्रयोगशाळेतून आलेल्या वृत्ताने भौतिकशास्त्रज्ञांत खळबळ उडवली. तेथील टेव्हाट्रॉन या त्वरकात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरी घडवल्या जात. डब्ल्यू बोसॉनसोबत कणांचे दोन झोत निघालेल्या टकरींच्या आलेखात 'सीडीएफ' प्रयोगाला एक उंचवटा दिसला. प्रोटॉनच्या सुमारे दीडशेपट वस्तुमानाचा अज्ञात कण तेथे असावा, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती.

परंतु मोजलेला आलेख एकटा काहीच सांगत नाही. ज्ञात सिद्धांतानुसार किती घटना अपेक्षित होत्या, हे आधी ठाऊक असावे लागते. त्यासाठी संगणकात लाखो कृत्रिम टकरी घडवल्या जातात. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव लाभलेल्या या पद्धतीत जणू फासे टाकून प्रत्येक कणाची वाटचाल ठरते. शोधकयंत्र त्याची नोंद कशी घेईल, हेही त्यातच बेतलेले असते. खऱ्या मोजणीतून ही कृत्रिम मोजणी वजा केल्यावर जे उरते, तोच उंचवटा. साहजिकच वजाबाकीतील चूकही नव्या कणाचे सोंग घेऊ शकते.

त्याच त्वरकावरील 'डीझीरो' या प्रतिस्पर्धी प्रयोगाने जून २०११मध्ये आपल्या नोंदी तपासल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही या प्रयोगात सहभाग होता. तेथे उंचवटा आढळला नाही. सीडीएफचा उंचवटा मात्र अधिक नोंदी जमा होताच आणखी ठळक झाला होता! योगायोग नोंदी वाढल्यावर विरून जातो. सदोष प्रतिरूप विरत नाही.

उलगडा २०१४मध्ये झाला. क्वार्कपासून निघणारा झोत आणि ग्लुऑनपासून निघणारा झोत सारखे नसतात. ग्लुऑनचा झोत अधिक पसरट असतो आणि त्यात कमी ऊर्जेचे कण जास्त असतात. पूर्वीच्या हिशेबात हा भेद नीट धरलेला नव्हता. फोटॉन किंवा झेड बोसॉनच्या विरुद्ध दिशेला उडालेल्या झोतांची ऊर्जा त्यांच्याशी ताडून पाहिली, तेव्हा प्रतिरूपातील ग्लुऑन-झोतांची ऊर्जा सुमारे ८ टक्क्यांनी घटवावी लागेल, असे दिसले. चुकून इलेक्ट्रॉन समजल्या गेलेल्या झोतांचा अंदाजही सुधारावा लागला. या दुरुस्त्यांनंतर सर्व नोंदी नव्याने पडताळल्या गेल्या आणि उंचवटा नाहीसा झाला. टेव्हाट्रॉन स्वतः सप्टेंबर २०११मध्येच कायमचा बंद झाला होता. ही सारी शोधाशोध जपून ठेवलेल्या नोंदींवरच झाली.