वैद्यकीय शिक्षण आणि स्त्रियांचें आरोग्य

स्त्रियांचें आरोग्य म्हटलें कीं, बहुधा प्रसूति हाच विषय डोळ्यांपुढें येतो. वैद्यकीय शिक्षणाची दृष्टीही पुष्कळ काळ याहून फारशी निराळी नव्हती. गर्भिणी व बाळंतीण यांच्याविषयीं विद्यार्थ्यास बरेंच शिकविलें जाई. परंतु जी स्त्री या दोन्ही अवस्थांत नाहीं, तिचीं दुखणीं मागें पडत.

या उपेक्षेचें मोजमाप महाराष्ट्रांतच झालें. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं ६५० स्त्रियांची पाहणी केली; तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. शेंकडा ९२ स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग वा गुप्तरोग होता. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या मात्र शेंकडा ८ च होत्या. विशेष असें कीं, शेंकडा ४५ स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती. रोग्यानें सांगितलें तेवढ्यावरच औषध देण्यास शिकलेल्या डॉक्टरास या स्त्रिया निरोगीच वाटणार.

दुसरी उणीव ग्रंथांतील. हृदयविकाराचें रूढ वर्णन मुख्यतः पुरुषांवरून बेतलेलें होतें. छातींत कळ येणें हें लक्षण स्त्रियांतही प्रमुख आहे. पण त्याच्या जोडीला धाप, मळमळ, जबड्यांत किंवा पाठींत वेदना, विलक्षण थकवा हीं लक्षणें त्यांच्यांत अधिक आढळतात. तीं पित्ताचीं वा मनाचीं समजल्यास मोलाचा वेळ जातो. औषधांचेंही तसेंच. झोल्पिडेम हें झोपेचें औषध स्त्रियांच्या शरीरांतून सावकाश बाहेर पडतें. म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१३ सालीं त्यांच्यासाठीं त्याची नेहमींची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणविली. तोंपर्यंत तें औषध तेथें वीस वर्षें विकलें जात होतें!

यावर उपाय म्हणजे अभ्यासक्रमांत एक पुस्तक वाढविणें नव्हे. प्रत्येक विषय शिकवितांना ‘हा रोग स्त्रियांत कसा दिसतो, हें औषध त्यांना किती द्यावें’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. रुग्णशय्येपाशीं आडोसा करणें, संमति घेणें, तिच्या बोलींत विचारणें, हें डॉक्टर व परिचारिका या दोघांच्याही परीक्षेचा भाग व्हावें.

कुटुंबाचेंही यांत कर्तव्य आहे. दवाखान्यांत स्त्रीस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पतीनें किंवा सासूनें देऊं नये. तें तिलाच देऊं द्यावें.