‘केवळ श्रद्धेनें’ : एका अधिक शब्दाचा विचार

पोथीची नक्कल करितांना मूळांत नसलेला शब्द अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घालावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या संग्राहक मित्रांस नित्याचा आहे. आमच्या तरुणपणीं एका वेदान्तप्रकरणाची नक्कल करितांना आम्हीं एके ठिकाणीं ‘एव’ हें अव्यय घातलें होतें. अर्थ तोच होता; किंबहुना तो अधिक ठसठशीत झाला होता. आमच्या गुरुजींनीं मात्र पान परत केलें व सांगितलें, “अर्थ टीकेंत लिहा, मूळांत हात घालूं नका.” पुढें पुष्कळ वर्षें शाळेंत संस्कृताबरोबर इतिहासाचा तास आमच्या वाट्यास येई. त्या वेळीं आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं कीं, मार्टिन लूथर यानें बायबलाच्या भाषान्तरांत ‘केवळ’ हा शब्द पदरचा घातला व त्यावर आपला सगळा पंथ उभारला. हें विधान ऐकावयास चटकदार आहे. परंतु तें अपुरें असून ज्या रीतीनें आम्ही तें सांगत असूं त्या रीतीनें अन्यायाचेंही होतें, असें आतां दिसून येतें. त्या चुकीची भरपाई करण्याच्या हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

प्रथम सिद्धान्त काय तो पाहूं. ख्रिस्ती धर्मांत ज्यास ‘तारण’ म्हणतात तो आपला मोक्ष नव्हे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका. तारण म्हणजे पापाच्या दोषांतून व त्यावरील ईश्वरी निवाड्यांतून सुटका. तेव्हां मूळ प्रश्न न्यायासनाचा आहे. सदोष मनुष्य निर्दोष ईश्वरापुढें कोणत्या आधारावर उभा राहील? पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत (अध्याय ३, श्लोक २८) याचें उत्तर असें दिलें आहे कीं, नियमशास्त्राचीं कृत्यें बाजूस ठेवून मनुष्य श्रद्धेच्या योगानें नीतिमान् ठरतो. १५२२ सालच्या सप्टेंबरांत विटेनबर्ग येथें लूथरचें नव्या कराराचें जर्मन भाषान्तर छापून निघालें. त्यांत या श्लोकांतील ‘श्रद्धेनें’ या पदास ‘आलाइन’, म्हणजे ‘केवळ’, हा शब्द जोडलेला होता. विरोधकांनीं गिल्ला केला तो यावरच.

लूथरनें १५३० सालीं भाषान्तरकलेवर एक खुलें पत्र प्रसिद्ध करून या आक्षेपास उत्तर दिलें. त्याचें पहिलें वैशिष्ट्य हें कीं, त्यानें आरोप नाकारला नाहीं. हा शब्द ग्रीकांतही नाहीं व लॅटिनांतही नाहीं, हें आपणांस पूर्वींच ठाऊक होतें, असें त्यानें सरळ कबूल केलें. त्याचा बचाव दुहेरी होता. पहिला मुद्दा भाषेचा. एका वस्तूचें विधान व दुसरीचा निषेध एकाच वाक्यांत आला, म्हणजे जर्मन बोलीस ‘केवळ’ लागतो. शेतकऱ्यानें धान्य आणलें, पैसे आणले नाहींत, हें सांगतांना जर्मन मनुष्य ‘केवळ धान्य’ म्हणतो. दुसरा मुद्दा अर्थाचा. पौलानें कृत्यें वगळलीं. मग श्रद्धेवांचून शिल्लक काय राहिलें?

आमच्या शास्त्रकारांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा अवधारणाचा प्रश्न आहे. प्रत्येक वाक्यांत अवधारण गर्भित असतें, ‘एव’ उच्चारला नाहीं तरी तो समजून घ्यावयाचा असतो, असा न्याय आपल्याकडे प्रसिद्ध आहे. या न्यायानें लूथरचा शब्द अध्याहार ठरतो. प्रक्षेप व अध्याहार यांत भेद आहे. प्रक्षेप करणारा आपला शब्द मूळ म्हणून खपवितो. अध्याहार करणारा तो आपला आहे हें सांगून घालतो. लूथरच्या छापील पुस्तकांत वाचकास तो भेद दिसत नव्हता, एवढा दोष त्याच्या पदरीं राहतोच. आमच्या गुरुजींनीं त्याचेंही पान परत केलें असतें.

शिवाय हा शब्दप्रयोग लूथरचा आद्य नव्हे. चवथ्या शतकांतील एक लॅटिन टीका मध्ययुगांत अम्ब्रोज याच्या नांवावर मोडत असे. तिच्या अज्ञात कर्त्यास पुढें ‘अम्ब्रोसियास्टर’ हें नांव पडलें. त्या टीकेंत रोमकरांच्या पत्राच्या याच अध्यायावर ‘केवळ श्रद्धेनें’ असे शब्द आढळतात. तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस यानेंही तीमथ्याच्या पहिल्या पत्रावरील व्याख्यानांत तेच शब्द योजिले आहेत. तेव्हां वाद शब्दापुरता नव्हता. त्या शब्दानें काय वगळलें जातें, याचा होता.

आतां या वादाचें जें खरें मर्म, त्या क्रियापदाकडे वळूं. ग्रीक मूळांत ‘दिकाइओस्’ (न्यायी, नीतिमान्) या विशेषणापासून बनलेलें ‘दिकाइऊन्’ हें क्रियापद आहे. लॅटिनांत त्याचें ‘यूस्तिफिकारे’ झालें. त्याचे अवयव ‘न्यायी’ व ‘करणें’ असे उघड दिसतात. संस्कृतज्ञ वाचकांस येथें नामधातूच्या णिच् प्रत्ययाचें स्मरण होईल. तो प्रत्यय ‘तें करितो’ या अर्थीं होतो, तसाच ‘तें सांगतो’ या अर्थींही होतो, असें वैयाकरण म्हणतात. ‘पटु’ यावरून झालेलें ‘पटयति’ हें रूप घ्या. त्याचा अर्थ ‘पटु बनवितो’ असाही होईल व ‘पटु म्हणून सांगतो’ असाही होईल. सोळाव्या शतकांतील युरोपाचा मोठा धर्मकलह या दोन अर्थांच्या फटींत मावतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ईश्वर मनुष्यास नीतिमान् *करितो*, कीं नीतिमान् म्हणून *जाहीर करितो*?

ऑगस्टिन (३५४–४३०) यानें मुख्यतः पहिला अर्थ घेतला व पश्चिमेकडील चर्चची परंपरा त्याच्या मागून गेली. तथापि ‘नीतिमान् गणले जातील’ असाही अर्थ संभवतो, हें त्यानें स्वतःच एके ठिकाणीं नमूद केलें आहे. दुसऱ्या अर्थाचें बळ हिब्रू ग्रंथांत सांपडतें. ‘अनुवाद’ नामक पुस्तकांत (अध्याय २५, श्लोक १) न्यायाधीशानें निर्दोष्यास निर्दोषी व दोष्यास दोषी ठरवावें, अशी आज्ञा आहे. तेथील हिब्रू क्रियापद रूपानें प्रयोजकच आहे. परंतु न्यायाधीश कोणास निर्दोषी बनवीत नाहीं, तो तसा निवाडा देतो. हिब्रूच्या जुन्या ग्रीक भाषान्तरांत त्या जागीं ‘दिकाइऊन्’ हेंच क्रियापद योजिलें आहे, आणि पौलाची भाषा त्या भाषान्तरावर पोसलेली होती. लूथरचा सहकारी मेलांख्थोन यानें १५३१ सालच्या आपल्या समर्थनग्रंथांत या न्यायालयीन अर्थावर भर दिला.

येथवर आल्यावर नेहमींची शंका उभी राहते. निवाडा श्रद्धेवर होतो, तर सदाचरणाचें प्रयोजन काय? आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची अशी समजूत आहे कीं, या मतानें पापाचरणास मोकळीक मिळते. लूथरचे ग्रंथ पाहतां ही समजूत टिकत नाहीं. १५२० सालीं ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर लिहितांना त्यानें झाड व फळ यांचा दृष्टान्त घेतला आहे. फळ झाडास चांगलें करीत नाहीं. परंतु चांगल्या झाडास चांगलें फळ आल्यावांचून राहत नाहीं. १५२२ सालीं रोमकरांच्या पत्रास जोडलेल्या प्रस्तावनेंत तो म्हणतो कीं, अग्नीपासून उष्णता व प्रकाश वेगळे करितां येत नाहींत, तशीं श्रद्धेपासून सत्कृत्यें वेगळीं करितां येत नाहींत. म्हणजे कृत्यें हें तारणाचें कारण नव्हे, कार्य होय. कारण व कार्य यांचा क्रम उलटूं नये, एवढाच त्याचा आग्रह.

मग याकोबाच्या पत्राचें काय? नव्या करारांत ‘श्रद्धा’ व ‘केवळ’ हे दोन शब्द अशा रीतीनें एकत्र येतात ते त्या एकाच ठिकाणीं (अध्याय २, श्लोक २४), आणि तेथें त्यांचा निषेध आहे! मनुष्य कृत्यांनीं नीतिमान् ठरतो, केवळ श्रद्धेनें नव्हे, असा त्याचा आशय. दोन्ही लेखकांनीं उदाहरण एकाच अब्राहामाचें घेतलें. मात्र पौल त्याच्या श्रद्धेकडे बोट दाखवितो, तर याकोब त्यानें पुत्राला वेदीवर ठेवल्याच्या कृत्याकडे. लूथर येथें अडखळला. १५२२ च्या आवृत्तींत त्यानें या पत्रास गवताचें पत्र म्हटलें. पुढील संपूर्ण बायबलाच्या आवृत्त्यांतून तें विधान गळलें. समन्वय करणारे सांगतात कीं, याकोब ज्या श्रद्धेचा निषेध करितो ती भुतांनाही असणारी कोरडी मान्यता होय; पौलाची श्रद्धा म्हणजे स्वतःस सोंपवून देणें. हा समन्वय आम्हांस ग्राह्य वाटतो. तथापि ज्याच्या शब्दावर आपण भार टाकिला, त्याच्या विरुद्ध जाणारें वचन त्याच ग्रंथांत जसेंच्या तसें छापून वाचकांपुढें ठेवलें, ही गोष्ट लूथरच्या बाजूनें नोंदली पाहिजे.

या मताचा उगम दाखविणारी एक पोथी आहे. तिची हकीकत आमच्या वाचकांस विशेष रुचेल. लूथरनें १५१५–१६ सालीं विटेनबर्ग येथें या पत्रावर व्याख्यानें दिलीं. त्यासाठीं त्यानें लॅटिन मूळ ओळींत व समासांत मोकळी जागा सोडून मुद्दाम छापवून घेतलें. ओळींमध्यें पदांचे अर्थ, समासांत टिपा, व निराळ्या पानांवर विस्तृत भाष्य, अशी तिची रचना होती. आपल्याकडील त्रिपाठ पोथी ज्यांनीं हाताळली आहे त्यांस ती अनोळखी वाटणार नाहीं. नवव्या अध्यायापासून इरॅस्मसनें १५१६ सालीं बाझेल येथें छापलेला ग्रीक पाठ त्याच्या हातीं आल्याचें दिसतें. त्यांत एक मार्मिक दृष्टान्त आहे. वैद्यानें बरा करीन असें वचन दिलेला रोगी वस्तुतः आजारीच असतो. परंतु त्या वचनावर भरंवसा ठेवून तो उपचार घेऊं लागला, म्हणजे वैद्याच्या हिशेबीं तो बरा झालेला असतो. ‘बरा गणला जाणें’ व ‘बरा होत जाणें’ या दोन्ही गोष्टी येथें एकत्र नांदतात.

हीं व्याख्यानें लूथरच्या हयातींत छापलीं गेलीं नाहींत. मूळ पोथी १५९४ सालीं त्याच्या वंशजांनीं ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यास विकली व ती कालान्तरानें बर्लिनच्या राजग्रंथालयांत आली. तिची आउरिफाबर यानें केलेली एक नक्कल हायडेलबर्गच्या संग्रहांत होती. तीस वर्षांच्या युद्धांत तें नगर १६२२ सालीं पडलें व तो संग्रह पोपच्या व्हॅटिकन ग्रंथालयांत गेला. अशा रीतीनें पोपशीं भांडलेल्या मनुष्याचा ग्रंथ पोपच्याच घरीं सुरक्षित राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं त्या नकलेचा शोध लागला. डेनिफले या डॉमिनिकन पंडितानें १९०४ सालीं तिचा उपयोग लूथरवरील कडक टीकेसाठीं केला. योहान्नेस फिकर हे नक्कल छापण्याच्या खटपटींत असतां त्यांस कळलें कीं, खुद्द लूथरच्या हातची पोथी बर्लिनच्या ग्रंथालयांत प्रदर्शनपेटींत सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली आहे! त्यांची पहिली आवृत्ति १९०८ सालीं व परिपूर्ण आवृत्ति १९३८ सालीं निघाली. कांखेंत कळसा व गांवाला वळसा, ही म्हण आमच्या ग्रंथसंग्रहांनाच लागू आहे असें नाहीं.

रोमन चर्चचें उत्तर ट्रेंट येथील धर्मसभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं दिलें. त्या निर्णयांत १६ प्रकरणें व ३३ नियम आहेत. पहिल्याच नियमांत, ईश्वरी कृपेवांचून मनुष्य आपल्या कृत्यांनीं नीतिमान् ठरतो असें म्हणणारास बहिष्कार सांगितला आहे. तेव्हां ‘कॅथॉलिक कर्मवादी व प्रॉटेस्टंट श्रद्धावादी’ ही शाळेंतील सोपी वांटणी चुकीची आहे. नवव्या नियमांत ‘केवळ श्रद्धेनें’ या मताचा निषेध आहे, तोही मनुष्याच्या इच्छेचें सहकार्य मुळींच नको, अशा अर्थानें तें घेतल्यास. सभेनें ‘करितो’ हा अर्थ धरिला. सुधारकांनीं ‘ठरवितो’ हा धरिला. पुढें सुमारें साडेचारशें वर्षांनीं, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, ऑग्सबर्ग येथें रोमन चर्च व लूथरन जागतिक संघ यांनीं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या व या विषयाच्या मूलतत्त्वांवर एकमत असल्याचें जाहीर केलें. शिल्लक भेद त्यांत लपविलेले नाहींत.

इकडे पौलाच्या ‘नियमशास्त्राचीं कृत्यें’ या शब्दांवरही नवा प्रकाश पडला आहे. मृत समुद्राकांठच्या कुमरान येथील चवथ्या गुहेंत १९५२ सालीं सांपडलेल्या हस्तलिखितांत एका ग्रंथाचे सहा त्रुटित नकलांचे अवशेष मिळाले. ते १९९४ सालीं साधार प्रसिद्ध झाले. त्यांत या शब्दांचा हिब्रू पर्याय शुद्धाशुद्धतेच्या विशिष्ट आचारांस उद्देशून आला आहे. त्यामुळें पौल सदाचरणमात्राचा नव्हे, तर यहुदी समाजाची सीमा आंखणाऱ्या सुन्ता, शब्बाथ, खाद्याखाद्य अशा आचारांचा विचार करीत होता, या अलीकडील पक्षास बळ मिळालें. आमच्या मतें हा पक्ष विचारार्ह आहे, परंतु पुरेसा नाहीं. कारण त्याच पत्राच्या चवथ्या अध्यायांत पौल मजुरी व देणगी असा सर्वसामान्य भेद करितो, आणि तो आचारांपुरता मर्यादित राहत नाहीं.

शेवटीं आपल्या भाषेविषयीं एक गोष्ट. मराठी बायबलांत रूढ झालेला शब्दप्रयोग ‘नीतिमान् ठरणें’ असा आहे. ‘ठरणें’ या साध्या घरगुती धातूनें न्यायासन, निवाडा व निर्णय हे तिन्ही अर्थ एकदम उभे राहतात. लॅटिनास जो भेद दाखवितां आला नाहीं, तो मराठीनें एका शब्दांत दाखविला आहे. मात्र येथेंही भाषान्तरकारानें दोहोंपैकीं एक पक्ष निवडला, हें वाचकानें विसरूं नये.

तात्पर्य, लूथरनें शब्द घातला हें खरें. परंतु त्यानें तो चोरून घातला नाहीं, पहिल्यानें घातला नाहीं, व सदाचरण मोडण्यासाठीं घातला नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं उलट सांगितलें, त्यांपैकीं कोणाच्या दृष्टीस हें टिपण पडल्यास त्यानें आपल्या जुन्या वहींत तेवढी दुरुस्ती करावी. ग्रीक व हिब्रू जाणणाऱ्या विद्वानांस यांत दोष आढळल्यास त्यांनीं ते अवश्य दाखवावे. मात्र दुरुस्ती समासांत करावी, मूळांत नव्हे, इतकीच विनंति.